आप्तवचनाची परीक्षा आणि वैद्यकाच्या इतिहासाचे मोल

रुग्णालयात खाटा अपुऱ्या असताना आणि औषधाच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात औषधापुरते पैसे नसताना, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथांच्या पोथ्या शोधण्यावर, त्यांतील पाठभेद जुळवण्यावर आणि त्यांचा काळ ठरवण्यावर समाजाने द्रव्य खर्च करावे काय, हा प्रश्न वरवर अंदाजपत्रकाचा वाटला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे; कारण माणसाला ज्ञान कसे होते, दुसऱ्याच्या शब्दावर त्याने किती विसंबावे आणि जे आता हयात नाहीत त्यांचे तो काही देणे लागतो की नाही, यांवर त्याचे उत्तर अवलंबून आहे. सामान्यतः या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. जुन्या ग्रंथांतून नवी औषधे सापडतात, हे एक. आणि पूर्वजांचे कर्तृत्व जगापुढे येते, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत, आणि दुसरे तर पुष्कळदा संशोधनाच्याच मुळावर येते. वैद्यकाच्या इतिहासाचे याहून भक्कम समर्थन भारतीय प्रमाणशास्त्रात आहे, आणि ते ज्या ग्रंथांच्या इतिहासाविषयी हा वाद चालतो त्याच ग्रंथांत नमूद आहे.

यथार्थ ज्ञानाचे साधन ते प्रमाण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. यांपैकी युक्ती म्हणजे अनेक कारणांच्या योगाने घडणारे कार्य जाणणारी बुद्धी; आणि आप्तोपदेश म्हणजे विश्वसनीय व्यक्तीचे वचन. विश्वसनीय कोणाला म्हणावे, हेही संहिता सांगते. तप आणि ज्ञान यांच्या बळावर जे रज आणि तम या दोषांपासून, म्हणजे आसक्ती आणि अज्ञान यांपासून, मुक्त झाले आहेत, तेच आप्त. न्यायदर्शनाने ही कल्पना आणखी मोकळी केली. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. वचनाचे प्रामाण्य जन्मावर वा पदावर न ठेवता ते जाणकारीवर आणि प्रामाणिकपणावर ठेवणारा हा विचार भारतीय बुद्धीच्या थोर कामगिऱ्यांपैकी एक मानला पाहिजे.

याच दर्शनात एक युक्तिवाद आहे, ज्याचे महत्त्व वैद्यकाच्या अभ्यासकांनी फारसे ओळखलेले दिसत नाही. वेद प्रमाण का मानावेत, या प्रश्नाला न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात असे उत्तर आहे की, मंत्र आणि आयुर्वेद ज्याप्रमाणे आप्तांच्या प्रामाण्यामुळे प्रमाण ठरतात, त्याप्रमाणे वेदही ठरतात. येथे युक्तिवादाची दिशा पाहण्यासारखी आहे. वेदामुळे आयुर्वेद खरा, असे सूत्रकार म्हणत नाही. आयुर्वेदाचा प्रत्यय रोग्याच्या शरीरावर येतो, तो तपासता येतो, म्हणून तो दृष्टांत, म्हणजे वादी आणि प्रतिवादी दोघांनाही मान्य असलेले उदाहरण, आणि त्याच्या आधारे जे डोळ्यांना दिसत नाही त्याविषयीच्या वचनावर विश्वास ठेवावयाचा. म्हणजे धर्मशास्त्राच्या प्रामाण्याचा एक खांब वैद्यकाच्या तपासलेपणावर उभा आहे. दृष्टांतच तपासावयाचा राहिला, तर त्यावर उभे केलेले अनुमान किती टिकेल, हा विचार श्रद्धावंतानेही करावयाचा आहे. किंबहुना त्याने तो आधी करावयाचा आहे.

आता हे वचन परीक्षकाच्या हाती येते तरी कोणत्या रूपात? आजची चरकसंहिता ही एका माणसाची एका बैठकीतील कृती नव्हे, हे ती स्वतःच सांगते. आत्रेयाचा उपदेश अग्निवेशाने ग्रंथबद्ध केला, चरकाने त्याचे प्रतिसंस्करण केले, म्हणजे जुने तंत्र नव्याने सिद्ध केले, आणि पुढे जो भाग मिळेनासा झाला होता तो दृढबलाने निरनिराळ्या तंत्रांतून वेचून पूर्ण केला. आठ स्थानांतील एकशेवीस अध्यायांपैकी एकेचाळीस अध्याय, म्हणजे चिकित्सास्थानातील सतरा आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने पूर्ण, ही दृढबलाची कामगिरी होय. दृढबलाने ही गोष्ट लपवली नाही. ज्याला जे श्रेय द्यावयाचे ते देऊन त्याने आपला वाटा उघड सांगितला, आणि हा प्रामाणिकपणा आप्ताच्या लक्षणात चपखल बसतो. पण यानंतर शेकडो वर्षे लेखनिकांच्या हातून पोथ्या उतरत राहिल्या, अक्षरे गळली, समासातील टिपा मूळ मजकुरात शिरल्या, प्रांताप्रांतांचे पाठ वेगळे झाले. अशा वचनाविषयी 'आप्ताने काय सांगितले' हा प्रश्न विचारताच इतिहासाचे काम सुरू होते. जो म्हणतो की आपल्याला इतिहास नको, संहिता पुरे, तो वस्तुतः कोणा अज्ञात लेखनिकावर विश्वास ठेवत असतो.

या विचाराला सर्वांत तीव्र आक्षेप एका थोर वैद्याचाच आहे. अष्टांगहृदयाच्या अखेरीस वाग्भट विचारतो की, केवळ ऋषींनी रचले म्हणून ग्रंथ प्रिय असेल, तर लोक चरक आणि सुश्रुत बाजूला ठेवून भेडादिकांचे ग्रंथ का वाचत नाहीत? त्याचे म्हणणे असे की तेल वाताला, तूप पित्ताला आणि मध कफाला शमवतो, हे ब्रह्मदेवाने सांगितले काय किंवा आणखी कोणी सांगितले काय, सांगणाऱ्यामुळे द्रव्याच्या शक्तीत भर पडत नाही. तेव्हा मत्सर टाकून मध्यस्थ वृत्तीने जे चांगले सांगितले आहे ते घ्यावे. वाग्भटाची ही भूमिका निर्भय आहे आणि आजही आदरास पात्र आहे. मात्र तिच्यावरून असा निष्कर्ष काढता येईल की, द्रव्य गुणकारी आहे की नाही एवढे प्रयोगाने पाहावे, कोणी केव्हा काय म्हटले याच्याशी वैद्याला कर्तव्य नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे स्कर्व्ही या रोगाच्या इतिहासावरून दिसते.

स्कर्व्ही हा हिरड्या कुजवून आणि जुन्या जखमा पुन्हा उकलून माणसाला मारणारा दर्यावर्दी लोकांचा रोग. 1747 साली सॅलिसबरी या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, आणि संत्री व लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. ब्रिटिश नौदलाने 1795 पासून लिंबाचा रस देण्यास सुरुवात केली आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. येथपर्यंतची कथा सर्वपरिचित आहे; तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्यसागराकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीज बेटांवरील लहान हिरव्या लिंबांचा रस जहाजांवर जाऊ लागला. दोन्ही रस आंबट, दोन्ही लिंबाचेच, तेव्हा गुणही तोच असणार असे गृहीत धरले गेले. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास लहान झाले होते, म्हणून फरक लक्षात आला नाही. पण 1875 मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्स यांच्या मोहिमेत रस सोबत असूनही रोग उसळला, आणि मग विद्वानांनी रसाची जात तपासण्याऐवजी लिंबाच्या उपचारावरचाच विश्वास सोडला; नासलेल्या मांसातील विषामुळे हा रोग होतो असे सिद्धांत पुढे आले. प्रत्यक्ष अनुभवाने मिळवलेले ज्ञान प्रत्यक्ष अनुभवानेच खोटे ठरवले, असे दिसत होते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील फौजेत, विशेषतः हिंदी शिपायांत, हा रोग पुन्हा पसरला, आणि या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनी पिगांवर प्रयोग करून हिरव्या लिंबाच्या रसाची शक्ती पिवळ्या लिंबाच्या मानाने सुमारे एक चतुर्थांशच भरते असे दाखवले. मात्र तेवढ्याने कोडे सुटत नव्हते, कारण जुन्या नोंदींत तर रसाने रोग बरा झाल्याचे स्पष्ट लिहिले होते. ॲलिस हेंडरसन स्मिथ यांनी नौदलाची जुनी कागदपत्रे चाळली आणि दाखवून दिले की, ज्या काळात रसाने गुण दिला त्या काळात जहाजांवर चढत होता तो पिवळ्या लिंबाचा रस होता, नाव काहीही लिहिलेले असो. प्रयोगशाळेने रसाचा गुण सांगितला. पण पूर्वीचे साक्षीदार खोटे नव्हते, हे इतिहासाने सांगितले. प्रमाणशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर प्रत्यक्ष आणि आप्तवचन यांत पडलेला विरोध आप्तवचनाचा नेमका विषय कोणता होता हे शोधल्याने मिटला. वाग्भटाला द्यावयाचे उत्तर हेच आहे: सांगणाऱ्यामुळे द्रव्याची शक्ती बदलत नाही हे खरे, पण त्याने कोणत्या द्रव्याविषयी सांगितले होते हेच ठाऊक नसेल, तर मध्यस्थ वृत्तीलाही घेण्याजोगे काही उरत नाही.

वचन वाटेत बिघडते तसा वक्ताही कधी मुळातच आप्त नसतो. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवून रोगाची वाटचाल पाहिली, आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकार सूझन रेव्हर्बी यांना एका डॉक्टरच्या जपून ठेवलेल्या कागदपत्रांत आणखी एक गोष्ट सापडली: 1946 ते 1948 या काळात ग्वाटेमालामध्ये कैदी, सैनिक आणि मनोरुग्ण यांना त्यांची संमती न घेता मुद्दाम गुप्तरोगांचा संसर्ग केला गेला होता. हे 2010 मध्ये उघड झाले आणि अमेरिकी सरकारने ग्वाटेमालाची माफी मागितली. साठ वर्षे ही माणसे कोणाच्या हिशेबात नव्हती. त्यांचे दुःख भरून निघाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांच्यावर जे झाले ते झाले असे म्हणणारा पहिला माणूस दप्तरखान्यातून आला, हे विसरता येत नाही. रज आणि तम यांपासून मुक्त असलेलाच आप्त, ही चरकाची अट केवळ प्राचीन ऋषींसाठी नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला आज संमतिपत्र वाचून दाखवले जाते, त्यामागे अशा उघडकीला आलेल्या अपराधांची मोठी मालिका आहे.

अभिमानाच्या युक्तिवादाकडे वळताना पुण्याचे एक उदाहरण जवळून पाहणे योग्य ठरेल. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात ऑक्टोबर 1794 मध्ये कावसजी नावाच्या माणसाचा वृत्तांत चित्रासह छापून आला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा शेतकरी जातीचा मराठा 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला, आणि मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवले. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यावयाचा, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, त्याच्या कडेने रेघ आखून कातडी सोडवावयाची, पण दोन डोळ्यांच्या मधला पट्टा तसाच ठेवावयाचा म्हणजे रक्त चालू राहते, मग कातडी फिरवून खाली आणावयाची आणि खुंटाभोवती पाडलेल्या खाचेत बसवावयाची. टाके नाहीत, पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पट्ट्यांनी जोड धरून ठेवावयाचा, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवावयाच्या, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधला पट्टा कापावयाचा. हा वृत्तांत वाचूनच लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने पुढे दोन रोग्यांवर अशी शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. युरोपातील आधुनिक नासासंधानाची ही सुरुवात होती.

हे सुश्रुताचे तंत्र पुण्यात जिवंत होते, असे अभिमानाने सांगण्याची पद्धत आहे. परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कातडी गालाकडून घेण्यास सांगितले आहे, कपाळावरून नव्हे. माप झाडाच्या पानाने घ्यावयाचे आहे, आणि वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण टाकावयाचे आहे. ग्रंथ आणि पुण्याचा कारागीर यांच्यामध्ये कित्येक शतके आहेत, आणि त्या शतकांत ही विद्या वैद्यांच्या पाठशाळांपेक्षा अशा घराण्यांत राहिली असावी ज्यांच्या हाती पोथी नव्हती. कावसजीचे नाव राहिले, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रजांची नावे राहिली. ज्याच्या हाताने नाक बसले त्याचे नाव त्या वृत्तांतात नाही. अभिमानाला सुश्रुताचे नाव पुरते, म्हणून तो येथेच थांबतो. इतिहासाला थांबता येत नाही: ही कपाळाची पद्धत कोणी काढली, ती कोणत्या घराण्यांत चालत आली, शास्त्र जाणणाऱ्यांनी आणि हात चालवणाऱ्यांनी एकमेकांकडे पाठ का फिरवली, हे तो विचारतो. या प्रश्नांची उत्तरे जातिव्यवस्थेवर प्रकाश टाकतील आणि तो प्रकाश सर्वांनाच सुखावह होईल असे नाही. पण वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण केले त्यात तो विटा पाडणारा कारागीर पूर्णपणे बसतो, आणि त्याला त्याचे स्थान देणे हे सुश्रुताचा जयजयकार करण्यापेक्षा शास्त्राला अधिक शोभणारे काम आहे.

उपयुक्ततेचा युक्तिवाद थोडक्यात आटोपता येईल. चीनमध्ये मलेरियावरील औषध शोधताना तू यूयू यांनी जुने ग्रंथ तपासले. चौथ्या शतकातील ग हुंग या लेखकाने एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे लिहिले होते, ती उकळावी असे लिहिले नव्हते, यावरून उष्णतेने गुण जात असावा हे त्यांच्या लक्षात आले आणि आर्टेमिसिनिन हाती लागले. त्यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. उदाहरण खरेच मोठे आहे. परंतु ज्या लेखनिकांनी ही ओळ सोळाशे वर्षे उतरवून ठेवली, त्यांच्यापैकी एकालाही तिचा असा उपयोग ठाऊक नव्हता. फायदा दाखवा मगच पैसे देऊ, असे त्यांच्या आश्रयदात्यांनी म्हटले असते तर ती ओळ उरली नसती.

राहता राहिला सर्वांत कठीण आक्षेप, औषधाच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या त्या माणसाचा. साथ ऐन भरात असताना प्राणवायू आधी, पोथी नंतर, याविषयी दुमत असूच शकत नाही. पण हा क्रम आणीबाणीचा आहे, आणि आणीबाणीच्या क्रमाने समाजाचा नित्यक्रम ठरवला तर कोणतीही विद्या उरणार नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे म्हटले आहे, आणि त्यांपैकी ऋषींचे ऋण फेडण्याचा मार्ग ब्रह्मचर्य, म्हणजे अध्ययनाचे व्रत, असा सांगितला आहे. स्तुतीने ते ऋण फिटत नाही. ज्याच्या हाती आज औषधाची चिठ्ठी आहे, त्या माणसापर्यंत ते औषध असंख्य निनावी रोग्यांच्या शरीरांवरून आले आहे. त्यांच्यापैकी कोणावर काय बेतले आणि त्यातून काय शिकले गेले हे जाणून घेणे, हे त्या माणसाच्या हिताच्या विरुद्ध नाही.

आता द्रव्याविषयी. हे काम आजवर झाले ते ज्यांनी परताव्याची घाई केली नाही अशांच्या जोरावर. व्हिएन्नाचे वैद्यक-इतिहासकार थिओडोर पुशमान यांच्या पत्नीने मागे ठेवलेल्या संपत्तीतून लाइपझिग विद्यापीठात 1906 मध्ये वैद्यकाच्या इतिहासाची संस्था उभी राहिली आणि कार्ल झुडहॉफ यांनी ती नावारूपाला आणली. औषध-व्यावसायिक हेन्री वेलकम यांनी आपल्या मृत्युपत्रात वैद्यकाच्या संशोधनाबरोबर त्याच्या इतिहासाचीही तरतूद केली. त्यांच्या प्रतिनिधीने भारतातून गोळा केलेल्या हजारो संस्कृत पोथ्या आज लंडनमध्ये वाचता येतात. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाची, ज्यात वैद्यांनी वाद कसा करावा हे सांगितले आहे त्याची, पन्नासहून अधिक हस्तलिखितांवर आधारलेली पाठचिकित्सा व्हिएन्ना विद्यापीठात ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक निधीतून हाती घेण्यात आली. ऑस्ट्रियाच्या करदात्याला चरकाचे ऋण वाटावे आणि महाराष्ट्रातील धनिकाला ते वाटू नये, ही स्थिती भूषणावह नाही. महाराष्ट्राला असे काम परके आहे असेही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला 1919 मध्ये प्रारंभ केला. तिला औंधच्या पंतप्रतिनिधींनी उदार हस्ते साहाय्य केले, पुढे निजामाच्या दरबारातूनही मदत आली, आणि ते काम 1966 मध्ये पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे पैसे देत राहणाऱ्यांनी त्यातून औषध निघेल अशी अपेक्षा केली नव्हती.

वाग्भटाने ज्याचे नाव घेऊन प्रश्न केला त्या भेडाची, म्हणजे भेलाची, संहिता पुढे जवळजवळ नष्टच झाली. नायकांच्या काळी सुरू झालेल्या आणि भोसले राजांनी, विशेषतः सरफोजी दुसरे यांनी, वाढवलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तेलुगू लिपीतील एक खंडित पोथी राहिली, आणि कलकत्ता विद्यापीठाने 1921 मध्ये ग्रंथ छापला तो तिच्याच आधाराने. आज आयुर्वेदाच्या नावाने इमारती, परिषदा आणि जाहिराती यांवर जो खर्च होतो, त्याचा अल्प अंश जरी संस्कृत, तमिळ, फारसी आणि मराठी हस्तलिखिते वाचू शकणारे व वैद्यक जाणणारे अभ्यासक तयार करण्याकडे, आणि त्यांना पाच-दहा वर्षे निश्चिंतपणे काम करू देण्याकडे वळला, तर पुष्कळ साध्य होईल. विद्यापीठांनी, वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि विश्वस्त संस्थांनी याचा विचार करावा. चरकसंहितेच्या एकशेवीस अध्यायांची संपूर्ण चिकित्सक आवृत्ती अजून झालेली नाही.